कॅनॉलच्या कडेकडेने...

हडपसरला नदी तशी लांबच. मुळा-मुठा उत्तरेकडून, मुंढवा-मांजरीच्या अंगाने निघून जाते. पाण्याच्या कडेने पायी फिरायचं तर इथल्या माणसाला आठवतो तो कॅनॉल. कालवा वगैरे फक्त सरकारी पाटीवर!

या वाटेवर दम का लागत नाही? पाणी केवळ उताराने वाहतं ठेवायचं, तेही लांबवर, म्हणजे उतार अगदी नाममात्र हवा. म्हणून कॅनॉल टेकडीला वळसा घालतो, पण चढत नाही. भरावावरची वाट मुळात देखरेखीची. आपले आजी-आजोबा सकाळी तिथे आरामात चालू शकतात, त्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनियरांच्या आखणीला.

त्यातला मुख्य माणूस कर्नल फाइफ. पुण्याच्या पूर्वेचा कोरडा मुलूख भिजावा आणि पुणे-खडकीच्या छावण्यांना पाणी मिळावं म्हणून खडकवासल्याचं धरण बांधलं. 1879 साली ते पुरं झालं. तलावाला तेव्हा 'लेक फाइफ' म्हणत. त्याच्या उजव्या कालव्याने हडपसरच्या बाजूला बागायत आली, ऊस आला. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. त्यानंतर धरण पुन्हा उभं राहिलं आणि मोठा, नवा उजवा कालवा निघाला, सुमारे 202 किलोमीटर, थेट इंदापूरपर्यंत.

पुढची गंमत म्हणजे, ज्या मगरपट्ट्यात आज आयटीवाले राहतात तिथे आधी ऊसच होता. जमीनवाल्या शेतकऱ्यांनी ती बिल्डरला न विकता स्वतःच एकत्र येऊन नगर वसवलं. शेतं गेली, कॅनॉल राहिला. आता त्याचं पाणी हडपसरला नुसतं दिसतं, भिजतं ते दौंड-इंदापूर.

आणि तेही दिसणार नाही अशी चिन्हं आहेत. खडकवासला ते फुरसुंगी असा सुमारे 28 किलोमीटरचा बोगदा सरकारने मंजूर केला आहे. कारणं खोटी नाहीत. उघड्या कालव्यातून पाणी झिरपतं, उडून जातं, चोरीला जातं, वर शहराचा कचरा पडतो. 27 सप्टेंबर 2018 ला दांडेकर पुलाजवळ भिंत फुटून गरिबांची घरं वाहून गेली, ते पुणेकर विसरलेले नाहीत. टेलच्या शेतकऱ्याचं आवर्तन आपल्या मॉर्निंग वॉकपेक्षा महत्त्वाचं, यात मला तरी शंका नाही.

प्रश्न नंतरचा आहे. कोरड्या पडणाऱ्या त्या लांबलचक पट्टीचं काय? एरंडवण्यात पाणी आटलेल्या डाव्या कालव्याचा 'कॅनॉल रोड' झाला. हडपसरची ट्रॅफिक पाहता इथेही रस्त्याचीच मागणी होणार. पण सपाट, सलग, सावली धरू शकेल अशी वाट शहराला पुन्हा विकत घेता येत नाही. शेतकऱ्याचं पाणी खुशाल जमिनीखालून जाऊ दे, वर निदान चालणाऱ्यांपुरती जागा ठेवा. मागणं एवढंच, आणि ते बोगदा खणून व्हायच्या आत करायला हवं.