पाळीव कुत्र्याच्या परदेश प्रवासाची पशुवैद्यकीय कागदपत्रे

पाळीव कुत्र्याच्या परदेश प्रवासाची पशुवैद्यकीय कागदपत्रे म्हणजे कुत्र्याची ओळख, रेबीज लसीकरण, रक्तचाचणी व निरोगीपणा यांचे दाखले होत. भारतातून कुत्रा नेताना अंतिम आरोग्य प्रमाणपत्र केंद्र सरकारची पशु संगरोध व प्रमाणन सेवा देते. तिची केंद्रे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर व हैदराबाद येथे आहेत. त्यामुळे गोंदियासारख्या दूरच्या जिल्ह्यात या कागदपत्रांचा खर्च केवळ शुल्कावर नव्हे, तर अंतर, प्रतीक्षा आणि क्रम चुकल्यास कराव्या लागणाऱ्या पुनरावृत्तीवरही अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. भारतात कुत्र्यांमध्ये या रोगाचा प्रादुर्भाव असल्याने अनेक देश भारतातून येणाऱ्या कुत्र्यांना कडक अटी घालतात.

क्रम व कालावधी

युरोपीय संघाच्या नियमांनुसार प्रथम १५ अंकी मायक्रोचिप बसवून नंतर रेबीजची लस द्यावी लागते. चिपपूर्वी दिलेली लस ग्राह्य धरली जात नाही. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची चाचणी केली जाते. त्यांचे प्रमाण प्रति मिलिलीटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते. नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते. पिल्लाला लस १२ आठवड्यांच्या वयानंतरच देता येत असल्याने ते सुमारे सात महिन्यांचे होईपर्यंत युरोपात नेता येत नाही. प्रवासाचे आरोग्य प्रमाणपत्र दिल्यापासून १० दिवसांत तेथे पोहोचावे लागते.

जपानमध्ये प्रतीक्षेचा काळ १८० दिवसांचा आहे. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट प्रवेश देत नाही. कुत्र्याला आधी एखाद्या मान्यताप्राप्त देशात न्यावे लागते. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले असून कुत्रा किमान सहा महिन्यांचा असणे बंधनकारक आहे. भारतात लस दिलेल्या कुत्र्याजवळ वैध रक्तचाचणी नसल्यास त्याला तेथे २८ दिवस विलगीकरणात ठेवावे लागते व तो खर्च मालकावर पडतो.

खर्चाची अंगे

चिप, लस, रक्तनमुना, तो थंड राखून पाठवण्याची व्यवस्था, प्रयोगशाळेचे शुल्क, पशुवैद्यकाचा दाखला व अंतिम प्रमाणपत्र ही खर्चाची मुख्य अंगे होत. पिंजरा व विमानभाडे यांचा खर्च निराळा. चिपपूर्वीच लस दिली गेली असल्यास चिप बसवून पुन्हा लस द्यावी लागते आणि प्रतीक्षेचे महिने नव्याने मोजावे लागतात. कुटुंबाच्या प्रवासाची तारीख ठरलेली असेल, तर कुत्रा मागे ठेवण्याची वेळ येऊ शकते. याउलट, युरोपीय संघाच्या नियमांनुसार पुढील लसी मुदतीत दिल्या गेल्यास एकदा उत्तीर्ण झालेली रक्तचाचणी पुन्हा करावी लागत नाही.

गोंदिया जिल्ह्यातील स्थिती

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवर आहे. चिप, लस व प्राथमिक दाखला यांचे काम नोंदणीकृत पशुवैद्यकाकडे होऊ शकते. विदर्भातील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून कार्यरत आहे. अंतिम प्रमाणपत्रासाठी मात्र मुंबई किंवा अन्य केंद्र गाठावे लागते.

गोंदिया ते मुंबई हे अंतर रेल्वेने जवळजवळ हजार किलोमीटर असून विदर्भ एक्सप्रेस ही दोन्ही शहरांना जोडते. रेल्वेत कुत्रा वातानुकूलित प्रथम वर्गाचा संपूर्ण कक्ष आरक्षित करून, अथवा पार्सल कार्यालयात नोंदणी करून गार्डच्या डब्यातील पेटीतून नेता येतो. पहिला मार्ग महाग, तर दुसऱ्यात कुत्रा मालकापासून दूर राहतो. प्रमाणपत्राची मुदत अल्प असल्याने ते फार आधी काढून ठेवता येत नाही. म्हणून मुंबईतील काम व विमानाची तारीख एकाच दौऱ्यात जुळवल्यास परतीचा एक फेरा वाचतो.