‘फायनल फँटसी’ला उतरती कळा कुठून लागली?

‘फायनल फँटसी’ ही व्हिडिओ गेमची मालिका बिघडली ती तेराव्या भागापासून, असं तिचे जुने चाहते सर्रास म्हणतात. डिसेंबर २००९मध्ये जपानात आलेल्या त्या खेळात तासन् तास एका अरुंद वाटेनं पुढे सरकायचं. थांबावं असं गाव नाही, भटकावं असा मुलूख मिळतो तोही फार उशिरा. तक्रार खरी आहे. पण दुखण्याचं मूळ शोधायला मागे गेलं, तर ते मालिकेच्या सर्वांत लाडक्या खेळांत सापडतं.

१९८७ साली हिरोनोबू साकागुची यांनी स्क्वेअर कंपनीत पहिला भाग केला, तेव्हा फॅमिकॉम या खेळयंत्राच्या पडद्यावर माणूस म्हणजे मोजक्या ठिपक्यांची आकृती. योशिताका अमानो यांची तरल रेखाटनं त्या ठिपक्यांत मावत नसत. राहिलेलं काम नोबुओ उएमात्सु यांचं संगीत आणि खेळणाऱ्याची कल्पनाशक्ती करायची. काही घरं आणि एखाद-दोन वाक्यं बोलणारी माणसं, एवढ्यात गाव उभं राहायचं. म्हणूनच अख्खं जग एका खेळात मावायचं: आधी पायी निघायचं, मग जहाज मिळायचं, शेवटी उडतं जहाज. १९९४च्या सहाव्या भागात तर चौदा पात्रं, ऑपेराचा प्रवेश आणि मध्यावर होणारा जगाचा विध्वंस, हे सगळं ३ मेगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये होतं.

१९९७ साली सातवा भाग प्लेस्टेशनवर तीन सीडींत आला. त्यातल्या चित्रपटासारख्या दृश्यांनी जग जिंकलं, आणि पुढची दिशा त्या यशानं ठरवून टाकली. २००१च्या दहाव्या भागात पात्रांना आवाज मिळाला, चेहरे बोलके झाले. पण मोकळेपणानं हिंडता येईल असा जगाचा नकाशा गेला. ती उणीव फारशी जाणवली नाही, कारण कथा होती युना या नायिकेच्या तीर्थयात्रेची. ठरलेली वाट आणि त्या वाटेच्या शेवटी ठरलेलं बलिदान, हाच तिचा आशय होता. तेराव्या भागानं ती वाट उचलली, पण वाटेला अर्थ देणारी यात्रा त्याच्याकडे नव्हती.

मधल्या काळात घरही बदललं. २००१मध्ये साकागुची यांचा ‘फायनल फँटसी’ चित्रपट मोठ्या तोट्यात गेला. २००३मध्ये स्क्वेअर आणि एनिक्स या कंपन्या एक झाल्या आणि साकागुची बाहेर पडले. पुढे एचडी यंत्रं आली, तेव्हा प्रत्येक भिंत, प्रत्येक खुर्ची बारकाईनं घडवावी लागू लागली. २००६मध्ये जाहीर झालेला ‘व्हर्सस १३’ नाव बदलून पंधरावा भाग म्हणून आला तो नोव्हेंबर २०१६मध्ये. इतकं होऊनही त्याची कथा चित्रपट, अ‍ॅनिमे आणि नंतर विकत घ्यायच्या प्रकरणांत विखुरलेली होती. २०१८मध्ये दिग्दर्शक हाजिमे ताबाता यांनी कंपनी सोडली, तीन प्रकरणं रद्द झाली, आणि त्यांतला मजकूर शेवटी कादंबरीतून वाचावा लागला.

या रोगाचं नेमकं निदान कंपनीच्याच माणसानं केलं आहे. २०१०चा ऑनलाइन चौदावा भाग सपशेल कोसळल्यावर तो नाओकी योशिदा यांच्याकडे सोपवला गेला. त्यातल्या एका फुलांच्या कुंडीवर खेळाडूच्या पात्राइतकेच पॉलिगॉन (आकृती घडवणारे बहुकोन) खर्च झाले होते, असं त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. त्यांनी तो खेळ २०१२मध्ये बंद केला, नव्यानं बांधला आणि २०१३मध्ये पुन्हा उभा केला. कुंडी साधी केली, माणसांना जागा दिली. आज तो मालिकेतल्या सर्वांत भरभरून नांदत्या जगांपैकी एक आहे.

म्हणजे प्रतिभा आटलेली नाही. साकागुचींच्या काळी यंत्रच लहान होतं, म्हणून काय ठेवायचं नि काय सोडायचं हे आधी ठरवावं लागे. आताच्या यंत्रावर सगळंच दाखवता येतं, आणि ते ठरवणंच राहून जातं. पुढचा भाग करणाऱ्यांनी आधी जग आखावं. त्या जगाला पेलेल तेवढंच चित्र मग काढावं.