शेळीचा वाडा आणि मजुराचे घर

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत येतात ती काही ठराविक प्रसंगांनी. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाची कोंडी झाली. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर चढली. १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. २ जानेवारी १९४३ रोजी माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील सिद्धगडावर हुतात्मा झाले. हे सर्व सांगितलेच पाहिजे. परंतु ज्यांच्या अंगणावरून हा इतिहास गेला त्या ठाकूर, कातकरी आणि कुणबी मजुरांच्या घराला लागून कुडाची एक पडवी असे आणि तिच्यात तीन-चार शेळ्या असत. त्या पडवीचा इतिहास कोणी लिहावयास घेतला नाही. आम्ही कामगार संघटनेत आयुष्य घालविलेली माणसे. पदवी आमच्यापाशी नाही. पण मजुराच्या घरचा जमाखर्च आम्ही पुष्कळ वेळा मांडला आहे, आणि तो मांडताना जमेच्या बाजूला मजुरीखालोखाल जे नाव सापडले ते शेळीचे. म्हणून आज तिच्याविषयी बोलावयाचे.

प्रथम तो वाडा कसा असतो ते पाहू. शेळी हे कोरड्या मुलखाचे जनावर. उस्मानाबादी, संगमनेरी या तिच्या नामांकित जाती घाटावरच्या. आमच्याकडे चार महिने पाऊस कोसळतो, आणि शेळीला पावसाइतका दुसरा शत्रू नाही. ओल्या जमिनीवर बसली की तिचे खूर कुजतात, छाती भरते, पोटात जंत होतात. म्हणून कारवीचा कूड घालून तो शेणामातीने लिंपतात, पावसाळी वाऱ्याकडची बाजू बंद ठेवतात, आणि आत जमिनीपासून दोन-तीन फूट उंच असा बांबूचा किंवा फळ्यांचा माच बांधतात. फटींतून लेंड्या खाली पडतात, वर कोरडे राहते. मोठ्या शेळीला दहा चौरस फूट जागा लागते. करडे डालग्याखाली आणि बोकड वेगळा. दार मात्र भक्कम हवे, कारण माथेरान-भीमाशंकरच्या रानातला बिबट्या कच्चे दार ओळखतो. उन्हाळ्यात लेंडीखत भाताच्या राबावर जाते. शहरात ज्याला आपण झोपडीचा आडोसा म्हणू, त्यात एवढा विचार आहे.

आता हिशेब. शेळी पाच महिन्यांत विते. पोसली नीट तर दीड वर्षात दोन वेत देते आणि बहुधा जुळी देते. तीन शेळ्यांच्या घरात दीड वर्षात काही करडे दगावूनही सहा-सात हाती लागतात. पाठी ठेवावयाच्या, बोकड विकावयाचे. ज्याला पहिली शेळी घेण्याची ऐपत नाही तो दुसऱ्याची अर्धलीने पाळतो. होणाऱ्या करडांतले निम्मे मालकाचे, निम्मे त्याचे. हे सारे सांभाळते घरची बाई, आणि शेळीचा पैसा बहुधा तिच्याच हातात राहतो. मजुरीच्या पैशाविषयी असे म्हणता येत नाही.

हा पैसा कोणत्या दिवसांत कामी येतो, यात सर्व मर्म आहे. लावणी संपली की कापणीपर्यंत आमच्याकडे मजुराला काम नसते. घरातले धान्य सरलेले असते. नेमक्या याच वेळी वीटभट्टीचा मुकादम वाडीवर येतो आणि उचल देतो. ती घेतली की दिवाळीनंतर सबंध कुटुंब भट्टीवर जाते, पोरांची शाळा सुटते, आणि वैशाखात हिशेब होतो तेव्हा बहुधा उचल शिल्लकच राहते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी गुन्हा ठरली. पण भाद्रपदातली भूक काही कायद्याने गेली नाही. त्या महिन्यात ज्या घरी विकावयास एक बोकड आहे, ते घर मुकादमाला ‘नाही’ म्हणू शकते. भाई कोतवालांनी शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या. शेळी ही तशीच, पण चार पायांवर चालणारी कोठी आहे. आमच्या भागातल्या एका कारखान्यात संप लांबला तेव्हाही आम्ही हेच पाहिले. भाड्याच्या खोलीत राहणारे कामगार आधी खचले. वाड्यांवरचे, ज्यांच्या घरी शेळ्या होत्या, ते शेवटपर्यंत टिकले. संघटनेच्या निधीने केले नाही ते बोकडांनी केले, हे कबूल करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही.

मग अशा उपयोगी जनावराचे राज्यकर्त्यांनी काय केले? १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. त्यातील ‘गुरे’ या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. ती हत्ती आणि उंट यांच्यापासून सुरू होऊन शेळी आणि करडू यांच्यापाशी संपते. हत्तीवाला दंड भरून जनावर सोडवून नेईल, करडूवालीचे काय? १८७८ च्या जंगल कायद्याने डोंगर राखीव झाले आणि काल जी चरणी होती तिच्यावर आज गेलेली शेळी कोंडवाड्याची धनी झाली. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी हीच तक्रार केली आहे की डोंगर-टेकड्या आणि गायराने जंगल खात्याच्या घशात गेली व गरिबाच्या शेळ्यांना रान उरले नाही. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत राब आणि चराई यांवरून असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला चौकशी मंडळ नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली आला. कायद्याची दिशा मात्र तीच राहिली. स्वराज्यातील १९५२ च्या वनधोरणानेही शेळीकडे वनाची वैरीण याच नजरेने पाहिले.

शेळी कोवळी रोपे खाते, हे खोटे नाही. नव्या लागवडीत तिला सोडू नये, हे आम्हीही वाड्यांवर सांगतो. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याचे ऐन आणि खैर शेळीने खाल्ले नाहीत. ते ठेकेदाराच्या कुऱ्हाडीने पडले आणि भट्टीत कोळसा होऊन शहरांकडे गेले. ज्या कातकऱ्याने ती भट्टी लावली त्याला मजुरी मिळाली, मालकी नाही. कुऱ्हाडीचा दोष दाताच्या माथी मारणे हा न्याय नव्हे.

आज चित्र पालटले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराई हा सामुदायिक हक्क मानला. ग्रामसभेने दावा करावा एवढेच उरले. सरकार गरिबाला अनुदानावर दहा शेळ्या आणि एक बोकड देण्याची योजनाही चालविते. योजना चांगली, पण अकरा जनावरे चरावयाची कोठे? कारण मधल्या काळात जमिनी विकल्या गेल्या, शेतघरे उठली, तारेची कुंपणे पडली आणि रानात जाणारी वहिवाट बंद झाली. उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा प्रकार होय. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसे बेपत्ताच राहिली. वाचलेल्यांना खाली चौकजवळ नवी घरे मिळाली, हे योग्यच झाले. परंतु डोंगरावरून माणसे खाली आणताना प्रत्येक पुनर्वसनाच्या नकाशात शेळीच्या वाड्यालाही जागा असली पाहिजे. ती नसेल तर पक्के घर मिळाले तरी भाद्रपदाचा आधार गेला.

बाजारातही तसेच. बोकड अजून नजरेच्या अंदाजाने, उक्ता विकला जातो. व्यापारी हात फिरवितो, किंमत बोलतो आणि गरजवंत बाई मान हलविते. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. पाळणारी मात्र दोघांच्या हिशेबात नसते. ज्या मजुराने कामाचे तास घड्याळाने मोजावेत म्हणून लढा दिला, त्याने आपला बोकड काट्यावर मोजून मागावा, हे आमचे सांगणे आहे.

तेव्हा मागण्या थोड्या आहेत. ग्रामसभांनी चराईचे दावे दाखल करावेत. पावसाच्या आधी आंत्रविषाराची लस वाडीवर पोचावी, दवाखान्यात पडून राहू नये. आठवडी बाजारात सरकारी काटा असावा. आणि या सभेत बसलेल्यांपैकी ज्यांनी कर्जत-खालापुरात घरासाठी जागा घेतली असेल त्यांनी कुंपण घालताना शेजारच्या वाडीत जाऊन एकदा विचारावे की येथून शेळ्यांची वाट जात होती काय; आणि जात असेल तर तेवढी चार हात जागा मोकळी सोडावी.