‘ट्रेनिंग झालं’ म्हणजे नेमकं काय झालं? नर्सेसच्या निरंतर शिक्षणाचा थोडा इतिहास

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो. ‘आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा परिणाम’ असा विषय घेतला तर चालेल का? चालेल की! पण मग आराखडा बघितला की तो बहुतेक वेळा एकाच साच्यातला निघतो. साठ नर्सेस घ्यायच्या, प्रश्नपत्रिका द्यायची, दोन तासांचं सेशन घ्यायचं, आठवड्यानं तीच प्रश्नपत्रिका परत द्यायची, टी-टेस्ट लावायची. मार्क वाढलेले असतातच. निष्कर्ष : प्रशिक्षण परिणामकारक आहे.

यात खोटं काहीच नाही. पण रात्री दोन वाजता प्रसूतिकक्षात बाळ जन्मलं आणि रडलं नाही, तर ड्युटीवरच्या सिस्टरचे हात एका मिनिटात योग्य ते करतील का, हे या मार्कांवरून कळत नाही. हा प्रश्न आज कुणाला तरी सुचलेला नाही. नर्सिंगच्या इतिहासात तो सुरुवातीपासून आहे, आणि तो इतिहास माहीत असेल तर तुमचा आराखडा आपोआप सुधारतो. म्हणून आज थोडं मागे जाऊ या.

रजिस्टरमध्ये नाव, पण पुढे काय?

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून नर्सिंगची शाळा सुरू झाली. वॉर्डमध्ये काम करता करता शिकायचं, असा तो एक वर्षाचा अभ्यासक्रम होता. पुढे १८८७ मध्ये ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापन झाली आणि तिनं मागणी लावून धरली की डॉक्टरांसारखं नर्सेसचंही अधिकृत रजिस्टर असावं. गंमत म्हणजे या मागणीला मोठा विरोध खुद्द नाइटिंगेल यांचाच होता. चांगली नर्स परीक्षेनं ओळखता येत नाही, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा.

इतिहासानं त्यांचं ऐकलं नाही. न्यूझीलंडनं १९०१ मध्ये नर्सेसच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला, ब्रिटननं १९१९ मध्ये. आपल्याकडे मद्रास प्रांतात १९२६ मध्ये कायदा झाला आणि देशपातळीवर इंडियन नर्सिंग कौन्सिल ॲक्ट १९४७ मध्ये. नोंदणी गरजेचीच होती, कारण तिच्याशिवाय कुणीही स्वतःला नर्स म्हणवून घेऊ शकलं असतं. पण नाइटिंगेल यांचा आक्षेप तसाच राहिला. रजिस्टर सांगतं की ही व्यक्ती अमुक साली पास झाली. वीस वर्षांनी ती काय करते, हे रजिस्टर सांगत नाही.

भारतात मात्र त्या वेळी हा प्रश्न विचारायलाही कुणाला फुरसत नव्हती. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात देशातल्या नर्सेसची संख्या सुमारे ७,००० दिली आहे, म्हणजे साधारण ४३,००० लोकांमागे एक. जिथे माणसंच नाहीत तिथे असलेल्यांना पुन्हा शिकवायचा विचार कोण करणार? नव्या शाळा काढा आणि संख्या वाढवा, हेच धोरण पुढची कित्येक वर्षं राहिलं. धोरणाचा इतिहास वाचताना हे लक्षात ठेवा. एखादी गोष्ट केली नाही म्हणजे सुचली नव्हती असं नसतं, कधी कधी तिची पाळीच आलेली नसते.

जामखेड आणि गडचिरोली : परत परत शिकण्याची पद्धत

आता आपल्या राज्यात येऊ. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी नगर जिल्ह्यातल्या जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्यातल्या बऱ्याच जणी कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. हे तुम्ही ऐकलं असेल. पण त्या शिकल्या कशा, याकडे सहसा लक्ष जात नाही. एकदा शिबिर घेतलं आणि पेटी हातात देऊन गावाला पाठवलं, असं तिथे झालं नाही. या बायका नियमितपणे जामखेडला यायच्या, गावात काय घडलं ते सांगायच्या, एकमेकींच्या अडचणी ऐकायच्या आणि त्यातूनच पुढचा धडा ठरायचा. अभ्यासक्रम आधी छापलेला नव्हता, गावातला पेशंटच अभ्यासक्रम होता. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये काढलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आहे, ते जरूर मिळवून वाचा.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा प्रयोग केला, तुलनेसाठी ४७ गावं होती. १९९३ ते १९९५ या आधारकाळात प्रयोगाच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत होते. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी तो दर २५.५ वर आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष आले आणि जगभर गाजले.

आकडा सगळ्यांना पाठ असतो. तुम्ही त्याच्या मागची ओळ वाचा. दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टर प्रत्येक गावात जायचा, कार्यकर्तीच्या नोंदी तपासायचा, चुका दुरुस्त करायचा आणि तिथल्या तिथे शिकवायचा. म्हणजे देखरेख आणि शिक्षण ही दोन वेगळी खाती नव्हतीच. हा प्रयोग दुसरीकडे नेताना फक्त ‘प्रशिक्षण’ उचललं आणि पंधरवड्याची भेट मागे ठेवली, तर तो तोच प्रयोग राहतो का? संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर आपण नेमका कोणता ‘हस्तक्षेप’ तपासतोय, हे आधी ठरवावं लागतं.

तास मोजण्याचं युग

दरम्यान दुसरीकडे वेगळीच गोष्ट घडत होती. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी नियम केला की नर्सला परवाना नूतनीकरण करायचा असेल तर ठरावीक तासांचं शिक्षण घेतल्याचा पुरावा द्यावा लागेल. तिथून ‘क्रेडिट अवर’ जगभर पसरला. आपल्याकडेही आता भारतीय परिचर्या परिषदेच्या व्यवस्थेत नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १५० तासांची अपेक्षा आहे.

तासच का? कारण तास मोजायला सोपे. सही, शिक्का, सर्टिफिकेट, फाइल. कौशल्य मोजायचं तर कुणीतरी शेजारी उभं राहून बघावं लागतं, आणि त्याला वेळ, पैसा, माणसं लागतात. ज्या वॉर्डात एका सिस्टरवर तीस-चाळीस पेशंट आहेत, तिथे तिला सेमिनारला सोडायचं तर तिच्या जागी कोण उभं राहणार, हाच पहिला प्रश्न असतो. मग सुट्टीच्या दिवशी जाऊन सही करून येणं हा मार्ग निघतो. याला कामचुकारपणा म्हणण्याआधी ड्युटी लिस्ट बघा.

ब्रिटननं २०१६ मध्ये यात थोडा बदल केला. तीन वर्षांत ३५ तासांचं शिक्षण ही अट ठेवलीच, पण सोबत कामावरचे अभिप्राय आणि स्वतःच्या कामावर विचार करून लिहिलेली पाच टिपणं मागितली. फक्त हजेरी पुरेशी नाही, हे नियमातच मान्य झालं.

चार पायऱ्या आणि दोन धडे

तुमच्या आराखड्याला थेट उपयोगी पडेल अशी गोष्ट आता सांगतो. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी अभ्यासकानं १९५९-६० च्या सुमारास प्रशिक्षणाचं मूल्यमापन चार पायऱ्यांत मांडलं. शिकणाऱ्याला सेशन कसं वाटलं, ही पहिली पायरी. तो काय शिकला, ही दुसरी. कामावर गेल्यावर वागणं बदललं का, ही तिसरी. आणि शेवटी फरक पडला का, म्हणजे आपल्या बाबतीत पेशंट वाचला का, ही चौथी. सुरुवातीला सांगितलेली टी-टेस्ट दुसऱ्या पायरीवर थांबते.

दुसरीवरून तिसरीवर जाणं किती अवघड असतं? टांझानियातल्या हायडम हॉस्पिटलचं उदाहरण घ्या. नवजात बाळाचा श्वास सुरू करण्याचं ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हे एक दिवसाचं ट्रेनिंग तिथे २०१० मध्ये दिलं. काही महिन्यांनी तपासलं तर बाहुलीवरचं काम चांगलं सुधारलं होतं. प्रत्यक्ष बाळांच्या बाबतीत मात्र फरक नाही! मग त्यांनी मोठं ट्रेनिंग परत घेण्याऐवजी बाहुली प्रसूतिकक्षाजवळच ठेवली आणि दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटांचा सराव सुरू केला. त्यानंतर पहिल्या २४ तासांतले नवजात मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. हा ‘आधी-नंतर’ पद्धतीचा अभ्यास आहे, त्याला समांतर तुलना गट नाही, म्हणून निष्कर्ष जपून वापरायचा. पण दिशा स्पष्ट आहे.

आणि तिसरीवरून चौथीवर? इथे आपल्याच देशातला ‘बेटरबर्थ’ अभ्यास वाचायलाच हवा. उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांत १२० आरोग्य केंद्रं, दीड लाखाहून जास्त माता आणि बाळं. अर्ध्या केंद्रांत नर्सेसना सुरक्षित प्रसूतीची चेकलिस्ट दिली आणि सुमारे आठ महिने प्रशिक्षक सोबत राहून कोचिंग दिलं. दोन महिन्यांनी आवश्यक कृतींचं प्रमाण कोचिंगच्या केंद्रांत ७३ टक्के, तर इतरत्र ४२ टक्के. म्हणजे वागणं बदललं. कोचिंग थांबल्यावर, बाराव्या महिन्यात तेच प्रमाण ६२ विरुद्ध ४४ टक्क्यांवर आलं. आणि माता-बाळांचे मृत्यू व गंभीर गुंतागुंत यांचं एकत्रित प्रमाण? १५.१ विरुद्ध १५.३ टक्के. फरक नाही.

२०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हा ‘नकारात्मक’ निकाल छापून आला. माझ्या मते आपल्या विषयातला तो सगळ्यात उपयोगी निकाल आहे. औषधं, रक्त, डॉक्टर, वेळेवर रेफर करणं या गोष्टी बदलल्या नसतील, तर एकट्या सिस्टरनं चांगलं काम करून सगळं बदलत नाही, अशी शक्यता तो समोर ठेवतो. हा भार कायम शेवटच्या कर्मचाऱ्यावर टाकायची आपल्याला सवय आहे.

शिकलेलं वापरायची मुभा असणंही तितकंच महत्त्वाचं. झटके येणाऱ्या गर्भवतीला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस एएनएमनं द्यावा, अशी परवानगी आपल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये २००० च्या दशकात आली, आणि त्यासोबत तीन आठवड्यांचं प्रसूती कौशल्य प्रशिक्षणही. त्याआधी हेच ट्रेनिंग कितीही चांगलं दिलं असतं, तरी तिचे हात नियमानं बांधलेलेच होते.

मग सिनॉप्सिसमध्ये काय करायचं?

विषय बदलू नका. तो चांगलाच आहे. फक्त लिहिताना स्वतःला चार गोष्टी विचारा. मी कोणत्या पायरीवर मोजतोय, आणि शीर्षकात त्याहून मोठा दावा तर करत नाहीये ना? एका आठवड्यानं मोजतोय, तर सहा महिन्यांनी परत मोजता येईल का? ट्रेनिंगसोबत देखरेख, साहित्य, परवानगी यांपैकी काय होतं आणि काय नव्हतं, हे नोंदवणार आहे का? आणि तुलनेचा गट आहे का?

वेळ आणि पैसा कमी असेल तर दुसऱ्या पायरीवरच थांबा, हरकत नाही. पण तसं स्पष्ट लिहा. ‘ज्ञानात वाढ झाली’ हे वाक्य खरं आणि पुरेसं आहे. ‘सेवेची गुणवत्ता सुधारली’ हे लिहायचं असेल तर वॉर्डात जाऊन उभं राहावं लागेल, तेही रात्रपाळीला.

बेटरबर्थमध्ये माणसांऐवजी केंद्रांची चिठ्ठी का टाकली, म्हणजे क्लस्टर ट्रायल का केली, हे पुढच्या पोस्टमध्ये बघू. तोपर्यंत गडचिरोलीचा मूळ पेपर शोधून ठेवा. सात पानांचाच आहे.