दवंडी आमची, दप्तर कुणाचे? इंदापूर-बारामतीच्या कागदांचा धडा

हल्ली ग्रामसभेची सूचना व्हॉट्सॲपवर येते, घरकुलाच्या यादीचा फोटो तिथेच पडतो आणि गटारीचे भूमिपूजन फेसबुकवर लाइव्ह दिसते. याला पारदर्शक कारभार म्हणायची पद्धत पडली आहे. आम्ही याला दवंडी म्हणतो. दवंडी वाईट नाही. गावाला खबर लागलीच पाहिजे. पण दवंडी म्हणजे दप्तर नव्हे, आणि हा फरक इंदापूर-बारामतीच्या मातीला तरी नव्याने शिकवायची गरज पडू नये.

पेशवाई बुडाल्यावर 1820 च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे भागातील जमिनीची मोजणी केली. कागदावर हिशेब देखणा होता : पिकातून खर्च वजा करा, उरेल त्याचे 55 टक्के सरकारला. प्रत्यक्षात मोजणी चुकली, हाताखालच्या अंमलदारांनी लाच खाऊन नोंदी फिरवल्या, त्यात धान्याचे भाव पडले. इंदापूर तालुक्यात शेते ओस पडली. शेवटी 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासूनच नवी मोजणी सुरू केली आणि 30 वर्षांचा आकार बांधून दिला. पुढे मुंबई इलाख्याची पाहणी याच नमुन्यावर झाली. म्हणजे खोट्या नोंदीने गाव कसे उठते, हे या तालुक्याने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी पाहिले आहे.

त्या काळी गावची शीव महाराला पाठ असे. शिवेच्या भांडणात त्याची साक्ष निर्णायक मानली जाई. सारा तालुक्याला पोचवायचा त्याने, सरकारी निरोप न्यायचा त्याने, दवंडी द्यायची त्याने. दप्तर मात्र कुलकर्ण्याच्या ताब्यात. सांगणारा आमचा, लिहिणारा दुसरा. सांगितलेले वाऱ्यावर गेले, लिहिलेले कोर्टात टिकले.

कागदाची ही ताकद 1875 साली बारामती तालुक्यातील सुप्याने सगळ्या देशाला दाखवली. 12 मे रोजी बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली; त्यांना हवे होते कर्जरोखे, आणि ते हाती लागताच जाळले गेले. दंगा पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला, चौकशी आयोग बसला आणि 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. सावकाराने वाटेल ते लिहावे आणि कुणब्याने अंगठा द्यावा, हे थांबावे म्हणून गावपातळीवर दस्त नोंदवण्याची सोय त्या कायद्यात होती. कुणब्याकडे निदान जाळायला रोखा तरी होता. महाराच्या वेठबिगारीचा कुठला रोखा लिहिला गेला होता?

बाबासाहेबांनी दुखणे नेमके ओळखले होते. 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक त्यांनी आणले, ते याच कामाची मोजदाद आणि मोबदला कायद्यात बसावा म्हणून. ही कनिष्ठ वतने पुढे 1958 च्या कायद्याने गेली. पण वतनी जमिनीचा आजचा प्रत्येक वाद फेरफारावर येऊन थांबतो : इनाम वर्ग 6 ब ची नोंद कधी होती, कुणी काढली, परवानगी कुठे आहे?

जातीच्या दाखल्याचेही तेच. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 रोजीच्या किंवा त्याआधीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ असते, आजोबाची जात कोतवाल बुकात. ते पान वाळवीने खाल्ले, की मुलाचे प्रवेशाचे वर्ष गेले. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी सरकारने मोडी वाचणारे शोधले, तेव्हा जुन्या कागदाची किंमत सगळ्यांनाच समजली. आम्हाला ती आधीच ठाऊक होती.

आता विचार करा, 2090 साली आमच्या पणतूला आजची घरकुलाची यादी पाहायची झाली तर? ती कुणाच्या तरी मोबाइलमध्ये होती. ग्रुपचा ॲडमिन निवडणूक हरला, ग्रामसेवकाची बदली झाली, फोन फुटला. पेज सरपंचाच्या खाजगी खात्यावरचे. अडचणीची पोस्ट एका बोटाने गायब. जुन्या कुलकर्ण्याला निदान पान फाडावे लागे आणि फाटलेले पान दिसे! वस्तीतल्या ज्या बाईकडे स्मार्टफोनच नाही, तिच्यापर्यंत तर ही दवंडीही पोचत नाही.

कायदा नाही असे नाही. माहिती अधिकार कायदा 2005 मधील ‘अभिलेख’ या शब्दात संगणकावर किंवा इतर उपकरणावर तयार झालेले साहित्य येते, आणि कलम 4 प्रमाणे अभिलेख सूचीबद्ध ठेवणे हे ग्रामपंचायतीचेही कर्तव्य आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमही 2005 चाच.

म्हणून दोन्ही तालुक्यांतील कार्यकर्त्यांना आमची सूचना आहे. पंचायतीने ग्रुपवर किंवा पेजवर टाकलेली प्रत्येक सूचना आणि यादी जावक क्रमांकासह दप्तरात लागली पाहिजे आणि फलकावरही लागली पाहिजे, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडा. ठराव इतिवृत्तात आला का, ते तिथेच वाचून घ्या. नाही आला तर माहिती अधिकारात एवढेच मागा : गेल्या वर्षभरात पंचायतीच्या अधिकृत खात्यावरून काय काय प्रसिद्ध झाले, त्याची प्रत; आणि त्यातले काय काढून टाकले, कुणाच्या आदेशाने, त्या आदेशाची प्रत.