कबर राहिली, कुंपण गेले

वर्धा जिल्ह्यातले आष्टी म्हटले की महाराष्ट्राला १६ ऑगस्ट १९४२ हा दिवस आठवतो. त्या दिवशी पोलीस ठाण्यावर गेलेल्या जमावावर गोळीबार झाला, माणसे हुतात्मा झाली आणि गाव 'शहीद आष्टी' म्हणून ओळखले जाऊ लागले. पण या गावाची याहून तीनशे वर्षे जुनी आणखी एक ओळख आहे. मोगल धाटणीचे दोन मकबरे इथे उभे आहेत. एकात मुहंमद खान नियाझी विसावला आहे, दुसऱ्यात त्याचा मुलगा अहमद खान. बापाचा इंतकाल हिजरी १०३७ मध्ये, म्हणजे इ.स. १६२७-२८ च्या सुमारास झाला. मुलाचा हिजरी १०६१ मध्ये, म्हणजे १६५१ च्या सुमारास.

मुहंमद खान हा अकबराच्या आणि पुढे जहांगीराच्या पदरी असलेला अफगाण सरदार. बंगालच्या मोहिमेत तो लढला, अब्दुर्रहीम खानखानानबरोबर सिंधमध्ये ठट्ट्याच्या लढाईत गेला आणि नंतर दख्खनेत मलिक अंबरच्या फौजांशी भिडला. आष्टी परगणा त्याला जहागीर म्हणून मिळाला. अठराव्या शतकात शाहनवाज खानाने औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) 'मआसिर-उल-उमरा' हा मोगल सरदारांचा चरित्रकोश रचला. त्यात मुहंमद खानाच्या दीनदारीची तारीफ आहेच. आम्हाला मात्र त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते: ओस पडलेला हा मुलूख त्याने पैसा आणि मेहनत घालून लागवडीखाली आणला.

म्हणजे या माणसाची खरी कमाई मकबरा नव्हती. मकबरा त्याच्या मृत्यूनंतरचा. त्याची कमाई होती वसवलेली गावे, फोडलेली जमीन, लावलेल्या बागा. आणि शेत, बाग, गोठा, वाडा म्हटला की कुंपण आलेच. जंगल तोडून जमीन काढायची तर रानडुकरापासून पीक राखायला बोराटीची काटी हवी, बाभळीच्या फांद्या हव्यात, तुराट्या आणि पऱ्हाट्या विणून केलेला कूड हवा. वस्तीला धोका असेल तर जमिनीत ओळीने खांब रोवून केलेला मेढेकोट हवा. आष्टी, तळेगाव, कारंजा या पट्ट्यात सागाचे जंगल आजही आहे. त्या काळी लाकूड हाताशी होते आणि माणसे त्यातूनच आपले जग उभारत होती. त्यातले काहीच उरलेले नाही. उधईने खाल्ले, पावसाने कुजले, चुलीत गेले. कबर राहिली, कुंपण गेले.

'मेढेकोट' हा शब्द मराठीत जुना आहे. मेढ म्हणजे जमिनीत रोवलेला लाकडी खांब; अशा मेढी खेटून रोवल्या की झाला कोट. किल्ला म्हटला की आज आपल्या डोळ्यांपुढे तट, बुरूज आणि चिरेबंदी दरवाजा येतो. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु किल्ल्याचे रक्षण केवळ दगड करत नसे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त गडाखालची दाट झाडी हीच गडाची राखण मानली आहे आणि त्यातली काठीसुद्धा तोडू देऊ नये अशी ताकीद आहे. ती झाडी हेही एक कुंपणच होते, जिवंत कुंपण. त्याचा फलक मात्र कुठे दिसत नाही.

जे लाकूड नाहीसे झाले ते पुन्हा जसेच्या तसे उभे करता येते काय? या प्रश्नाचे एक चांगले उत्तर मुहंमद खानाच्याच काळातल्या, पण सातासमुद्रापलीकडच्या एका किल्ल्यात सापडते. १६०७ च्या मे महिन्यात इंग्रजांची एक टोळी अमेरिकेत व्हर्जिनियाच्या नदीकाठी उतरली आणि जूनच्या मध्यापर्यंत तिने जेम्सटाउनचा लाकडी कोट उभारला. याच इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ साली बुऱ्हाणपुरात शहजादा परवेझला भेटून पुढे जहांगीराच्या दरबारात गेला. म्हणजे एकीकडे हे लोक मोगलांपुढे व्यापाराची सवलत मागत होते आणि दुसरीकडे परक्या भूमीत खांब रोवून मालकी सांगत होते.

जेम्सटाउनचा कोट त्रिकोणी होता. १६१० साली तिथे आलेल्या विल्यम स्ट्रेचीने त्याची मापे लिहून ठेवली: नदीकडची बाजू १४० यार्ड, उरलेल्या दोन प्रत्येकी १०० यार्ड, आणि खांब चार फूट जमिनीत. पुढे कोट कुजला, वस्ती उठली आणि किल्ल्याची जागा नदीने गिळली असे लोक धरून चालले. १९५७ साली जवळच पर्यटकांसाठी एक नमुन्याचा किल्ला बांधला गेला, तो जुन्या लिखाणाच्या आधारे. खरी जागा १९९४ पासून विल्यम केल्सो या पुरातत्त्वज्ञाने खणायला घेतली, तेव्हा नदीने फक्त एक कोपरा नेला होता असे दिसले. बाकीचा किल्ला मातीत होता. लाकूड नव्हते, पण लाकडाचा डाग होता.

हा डाग कसा उरतो ते समजून घेण्यासारखे आहे. खांब रोवायला चर खणला की खालची आणि वरची माती मिसळते आणि तीच चरात परत भरली जाते. खांब कुजला की त्याच्या जागी काळसर, भुसभुशीत माती साठते. शेकडो वर्षांनी वरचा थर हलक्या हाताने खरवडला तर आजूबाजूच्या मातीत चराचा पट्टा वेगळ्या रंगाचा दिसतो आणि त्या पट्ट्यात गोल गोल ठिपके दिसतात. ठिपक्याच्या व्यासावरून खांबाची जाडी कळते, खोलीवरून उंचीचा अदमास येतो, दोन ठिपक्यांमधल्या अंतरावरून खांब खेटून होते की सुटे, ते समजते. कोळशाचा तुकडा मिळाला तर झाडाची जात ओळखता येते. खिळे सापडले तर जोडणी खिळ्यांची. न सापडले तर खुंट्यांचा किंवा दोरांचा विचार करावा लागतो. स्ट्रेचीची मापे अशी मातीवर ताडून पाहता आली आणि मगच मूळ रेषेवर कोटाचा काही भाग पुन्हा उभारला गेला.

हे शास्त्र आपल्याला परके नाही. मेगॅस्थेनिसने पाटलिपुत्राच्या लाकडी तटाचे, त्याच्या ६४ दरवाजांचे आणि ५७० बुरुजांचे वर्णन केले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी पाटण्यात बुलंदी बाग इथे त्या तटाचे लाकूडच सापडले. पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि खांबांच्या खळग्यांवरून तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे ओळखली. आपल्याकडे प्रश्न विद्येचा नाही. एखाद्या सरदाराच्या बागेचे कुंपण शोधण्याइतके ते महत्त्वाचे आहे असे आपल्याला वाटते काय, हा आहे. विदर्भाची काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे बारीक खुणा मोडतात. वस्तीची पांढरी माती त्या मानाने खुणा जपते. पण गढीची पांढरी माती गाड्या भरून नेण्याची रीत गावोगाव आहे. त्या मातीबरोबर दस्तऐवजच जातो.

अलीकडे किल्ल्यांना लोकवर्गणीतून नवे सागवानी दरवाजे बसवले जातात. त्यामागचे प्रेम आम्ही जाणतो. परंतु दरवाजा किती उंच होता, फळ्या किती रुंद होत्या, अणकुचीदार खिळे होते की नव्हते, हे कशावरून ठरवले, ते शेजारी लिहिलेले असावे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने याबाबत एक साधा दंडक घालून दिला आहे: जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावे. हा दंडक आपल्यालाही लागू आहे. उद्या कोणी आष्टीला मकबऱ्याभोवती झोकदार 'मोगल कुंपण' उभारू म्हणाले, तर अभिमानाने छाती फुगवण्याआधी आपणच पुरावा मागितला पाहिजे. शिवाय राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानात ठेवावे.

पुरावा मागायचा तर तो सगळ्याच बाजूंनी. दरबारी लेखक एखाद्या मुलखाला 'ओसाड' म्हणतो तेव्हा तिथे आधी कोण राहत होते, हे विचारलेच पाहिजे. जेम्सटाउनच्या कोटाबाहेर पॉव्हाटन लोक होते. भूमी त्यांची होती आणि कोट त्यांच्या भीतीने बांधला होता. आपल्याकडच्या रानातही गोंड होते, त्यांच्या वाटा होत्या, त्यांची मोहफुले होती. कुंपण आत काय राखते ते सांगते, तसे बाहेर कोणाला ठेवते तेही सांगते. आमच्या पूर्वजांच्या कुंपणाबाबत हा प्रश्न टाळून इतरांना तो विचारण्याचा हक्क आम्हाला उरत नाही.

ही चर्चा केवळ हौशी इतिहासाची नाही. गावोगावच्या कब्रस्तानांच्या हद्दींवरून आज काय चालते ते वाचकांना ठाऊक आहे. जुन्या इनामांच्या कागदांत जमिनीची चतुःसीमा दिलेली असते: पूर्वेस नाला, पश्चिमेस अमक्याचा धुरा, उत्तरेस चिंच, दक्षिणेस वाट. नाला बुजतो, चिंच तोडली जाते, काटीच्या जागी दुसऱ्याचा पत्रा येतो आणि मग हद्द कुठे होती हे सांगायला कोणी उरत नाही. कुंपण कुठे होते हे मातीवरून, कागदावरून आणि जाणत्या माणसांच्या तोंडून नक्की करता येणे, ही अशा वेळी चैनीची बाब राहत नाही.

म्हणून आष्टीसारख्या गावांत आज करण्याजोगे काम खर्चाचे नाही. जुन्या वाड्याचा दरवाजा भंगारात जाण्याआधी त्याची मापे घ्यावीत, फोटो काढावा, जोड कसा आहे ते गावच्या सुताराकडून समजून घ्यावे. कब्रस्तानाच्या जुन्या काटीची रेषा गाव-नकाशावर उतरवावी. म्हाताऱ्या बायांना विचारावे, कूड कसा विणत, कोणती काठी टिके, कोणत्या महिन्यात तोडली तर तिला कीड लागत नसे. उर्दू-फार्सी कागद घरात असतील तर ते वाचून घ्यावेत. मोडीतले असतील तर मोडी जाणणाऱ्याकडे न्यावेत. हिंदू शेजाऱ्याच्या घरात आपल्या जमिनीची खूण नोंदलेली सापडेल आणि आपल्या पेटीत त्याच्या. धुरा हा नेहमी दोघांचा असतो.

मकबऱ्याला चारशे वर्षे होत आली. तो स्वतःची साक्ष स्वतः देतो. त्याच्या भोवती राबलेल्या हातांची साक्ष मातीत आहे, आणि ती माती अजून पूर्ण उचलली गेलेली नाही.