'सेल्फ'ची गोष्ट

मंडळी, या विकांताला एका शब्दाबद्दल लिहायचं आहे. गाडी चालू होत नसली की गॅरेजवाला विचारतो, "सेल्फ मारतो का?" नाशिकात थंडी पडली की द्वारकेपासून सातपूरपर्यंत सकाळी हाच प्रश्न. हा 'सेल्फ' म्हणजे सेल्फ-स्टार्टर. इंग्रजीत नुसतं 'स्टार्टर' उरलं, आपण मात्र पुढचा अर्धा शब्द ठेवून घेतला. आणि त्या अर्ध्या शब्दात शंभर वर्षांपूर्वीचं नवल शिल्लक आहे: गाडी स्वतःहून सुरू होते!

त्याआधी हँडल होतं. समोरून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवायचं. स्पार्क वेळेआधी पडला की इंजिन उलटं फिरे आणि हँडल मनगटावर बसे. म्हणून जुने ड्रायव्हर शिकवत, की अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, मुठीसारखा आवळू नको. कित्येकांचे हात मोडले. 1908 मध्ये अमेरिकेत बायरन कार्टर नावाचा कारखानदार अशाच हँडलच्या फटक्यातून झालेल्या जखमेने गेला आणि हळहळलेल्या कॅडिलॅकच्या प्रमुखाने सेल्फ करवून घेतला, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीच्या तपशिलांवर इतिहासकारांचं एकमत नाही. पण 1912 च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ आला, हे पक्कं.

तो केला चार्ल्स केटरिंगने, आणि मला त्याची युक्ती भयंकर आवडते. तोवर सगळे म्हणत, इंजिन फिरवण्याइतकी मोटर आणि बॅटरी गाडीत मावणारच नाही. केटरिंग आधी गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. तिथे त्याने गल्ला विजेवर चालवून दाखवला होता, आणि त्याला ठाऊक होतं की मोटर काही सेकंदच चालवायची असेल तर तिच्यावर क्षमतेच्या कितीतरी पट भार टाकता येतो. तापायच्या आत काम संपतं. सर्व्हरचं कपॅसिटी प्लॅनिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल :) सरासरी भार वेगळा, क्षणाचा भार वेगळा.

बॅटरी मात्र जुनीच. शिसं आणि गंधकाम्लाची बॅटरी प्लांते या फ्रेंच माणसाने 1859 साली केली. आज आपल्या गाडीत असते ती तिचीच वंशज. एका सेलचे साधारण 2.1 व्होल्ट, सहा सेल, म्हणजे 12.6. सेल्फ मारताना ती दोन-तीन सेकंद शे-दोनशे अँपिअर सहज देते आणि मग दिवसभर जवळजवळ काही करत नाही. आता गंमत बघा. गाडी बंद असतानाही अलार्म, घड्याळ, कॉम्प्युटर थोडा करंट खात असतात. 40 मिलिअँपिअर धरा. दिवसाला जवळपास 1 अँपिअर-अवर. लहान गाडीची बॅटरी 35 ची, म्हणजे अडीच आठवड्यांत अर्धी रिकामी! 25 मार्च 2020 ला लॉकडाऊन लागला तेव्हापासून मे अखेरपर्यंत 68 दिवस होतात. पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांचं काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलंय. शिवाय रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे बनतात आणि क्षमता कायमची जाते.

आपल्याकडे यावर पारंपरिक उपाय एकच: धक्का. आणि तो खरंच चालायचा, याला कारणं आहेत. महिंद्राने जुळवलेल्या विलीज जीपला सेल्फ होता, तरी समोर हँडलचं भोकही होतं. अँबॅसिडरलाही होतं. जुन्या गाड्यांत डायनॅमो असे आणि त्यात थोडं चुंबकत्व उरलेलं असतंच, त्यामुळे गाडी जोरात ढकलली की मरतुकडी बॅटरी असूनही वीज तयार होई. डिझेलला तर तेवढंही नको. पंप आणि नोझल (यातली नोझल सातपूरच्या 'मायको'त आपल्याच गावचे लोक बनवत) पूर्ण यांत्रिक, स्पार्कची भानगडच नाही. इंजिन एकदा फिरलं की चालू. म्हणून बॅटरी उतरलेला ड्रायव्हर घाटात उतारावरच गाडी लावायचा, चाकाखाली दगड. सकाळी दगड काढला की काम झालं.

पुढे अल्टरनेटर आला. त्याला सुरुवातीला बॅटरीतूनच करंट लागतो. मग इंधन कॉम्प्युटरच्या हाती गेलं. आता बॅटरी ठार मेली असेल तर घामाघूम होऊनही उपयोग नाही. ऑटोमॅटिकला तर धक्का नकोच. म्हणून आला जंपर केबल.

इथे जरा थांबतो, कारण आमच्या सोसायटीतले काका बोनेटमध्ये डोकं घालून "टच करून बघ रे, ठिणगी येतेय का" म्हणतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. चार्ज होताना बॅटरीत पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन निघतो. हवेत तो 4 टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. ठिणगी बॅटरीजवळ पडली तर डबा फुटतो आणि आम्ल थेट डोळ्यांत. म्हणून दोन्ही गाड्या बंद करायच्या, तोंडं लांब ठेवायची. लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी चांगलीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीला नाही, तर त्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीलाच ठिणगी पडते, ती तिकडे पडू दे. काढताना उलट क्रम. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर नादच सोडायचा. डोळ्यांत आम्ल गेलंच तर लगेच भरपूर पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवायचं आणि सरळ दवाखाना.

कसाऱ्याच्या घाटात एखादा ट्रकवाला भाऊ मदतीला आला तर आधी व्होल्टेज विचारा. मोठ्या ट्रक-बसमध्ये बहुधा 24 असतात, आपले 12.

आणि दोष थंडीला देऊ नका. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, तेल घट्ट होतं, म्हणून उघडं पडतं एवढंच. बॅटरी खरी मरते एप्रिल-मेच्या उन्हात. उष्णतेने पाणी उडतं, प्लेटा झिजतात. पाणी भरायची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, नळाचं पाणी नको. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीवर 12.4 च्या खाली आकडा गेला की चार्ज करायचा. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून काही होत नाही, तासभर चालवा नाहीतर चार्जर लावा.

असो. इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्या मित्रांना वाटतं, सुटलो. नेक्सॉन ईव्हीतसुद्धा मोठ्या बॅटरीबरोबर एक छोटी 12 व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी जागीच होत नाही. आणि तिला धक्काही मारता येत नाही.